ताई नेमकं काय शिकली?

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात दोन प्रश्न ठरलेले असतात. मला विचारतात, "काय करतोस?" मी म्हणतो, "सॉफ्टवेअरमध्ये आहे, पुण्यात." विषय संपतो. मग ताईकडे बघून विचारतात, "आणि ही काय करती?"

इथे घरातला प्रत्येक जण वेगळं उत्तर द्यायचा. आई म्हणायची, "संस्थेत आहे." आण्णा म्हणायचे, "एम. ए. झालीय." तात्या, म्हणजे आमचे थोरले चुलते, म्हणायचे, "समाजसेवा." ताईनं स्वतः तोंड उघडून "मी स्त्री अभ्यासात एम. ए. केलंय" असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, "म्हणजे बायकांचा अभ्यास? मग आमच्या हिचा पण करा की थोडा!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

हे हसणं मी पाच वर्षं हसलो. २०२१ मध्ये जुन्नरला, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर एका टायपिस्टच्या टेबलाशी ते थांबलं. पण तिथे पोचायला थोडं मागून यावं लागेल.

*

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवर, पुणे-नाशिक हायवेपासून थोडं आत. टोमॅटो नारायणगावला जातो, कांदा मंचरला. जमीन चार एकर, त्यातली अडीच बागायत. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी २०१५ मध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा फी भरायला दोन वर्षांचा कांदा आणि एक दुभती म्हैस गेली. कुणी कुरकुर केली नाही. पोरगा इंजिनिअर होतोय म्हटल्यावर म्हैस जाणारच.

पुढच्या वर्षी ताई समाजशास्त्रात बी. ए. झाली आणि म्हणाली, मला पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यासाला जायचंय. तिची वर्षाची फी माझ्या हॉस्टेलच्या दोन महिन्यांच्या मेसइतकीही नव्हती. तरी घरात आठवडाभर चर्चा चालली. बी. एड. कर, तलाठ्याची परीक्षा दे, हे काय नवीन? मी फोनवरून शहाणपणा केला, "ताई, याला प्लेसमेंट काय आहे?" ती म्हणाली, "माहीत नाही." मला वाटलं, बघा, हिलाच माहीत नाही.

शेवटी आण्णांनी "जाऊ दे, एक पोरगी शिकतीय तर शिकू दे," म्हणून विषय संपवला.

*

विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र १९८७ साली सुरू झालं. त्याआधी, १९७४ मध्ये, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठानं असं संशोधन केंद्र काढलं होतं. त्याच वर्षी देशातल्या बायकांच्या स्थितीवर सरकारी समितीचा मोठा अहवाल आला होता. राज्यघटनेनं समान हक्क देऊन पंचवीस वर्षं होत आली, तरी बायकांचं लोकसंख्येतलं प्रमाण घटतंय, हे त्यातून समोर आलं. हा विषय विद्यापीठांत शिरण्यामागे असं कारण होतं. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मोर्चे काढायला शिकवत असतील.

ताई सुट्टीत घरी यायची ती पुस्तकं घेऊन. १८५५ साली मांग आणि महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती, हे मला तिच्याकडून कळलं. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, तेही तिच्याकडूनच. हिंदू कोड बिल रखडलं आणि १९५१ मध्ये आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं, हे मी शाळेत एका ओळीत वाचलं होतं. त्या बिलात मुलीच्या वाट्याचा प्रश्न होता, हे त्या ओळीत नव्हतं.

तिच्या विभागात शर्मिला रेगे यांचं नाव सारखं निघायचं. त्या २०१३ मध्येच गेल्या, ताई तिथे पोचण्याआधी. रेगेंनी नव्वदच्या दशकात लावणी कलावंतांवर एक लेख लिहिला होता. तो वाचून ताईला आपलं नारायणगाव आठवलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव, त्याचा आम्हाला कोण अभिमान. पण त्या राहुट्यांकडे घरातल्या बाईनं फिरकायचं नाही, हाही आमचाच नियम.

ताईला तिथल्या बायांशी बोलून प्रोजेक्ट लिहायचा होता. आण्णा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिला मोटारसायकलवर नेलं आणि समोरच्या टपरीवर चहा पीत तीन तास बसून राहिले. परत येताना त्यांनी एवढंच विचारलं, "सुपारीतलं त्या बायांच्या हाताला किती लागतं?" आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. शिट्ट्या मारायला मीही त्या तंबूत बसलो होतो. मला कधी सुचला नव्हता.

*

त्याच वर्षी दिवाळीत तिनं एक वही आणली. म्हणाली, आईचा दिवस लिहून काढायचाय. चार दिवस, दर पंधरा मिनिटाला आई काय करते ते.

मला ते फार विनोदी वाटलं. ताई वही घेऊन आईच्या मागे गोठ्यात, विहिरीवर, चुलीपाशी. आई वैतागून म्हणायची, "आगं, ह्यात काय लिवायचंय? रोजचंच हाय." आण्णा म्हणाले, "तिचं काय लिहायचं, ती घरीच असती."

त्या वहीत पहाटे पावणेपाचपासूनच्या नोंदी आहेत. शेण, धार, डेअरीची किटली, भाकऱ्या, डबे. मग कांद्याची खुरपणी, गड्यांचा चहा, पुन्हा खुरपणी. संध्याकाळी परत गोठा, परत चूल. रात्री साडेदहाला "बसली" अशी एक नोंद आहे आणि पुढच्या रकान्यात "लसूण सोलत."

पुढे २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं देशभर असंच वेळेचं सर्वेक्षण केलं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. ती बातमी मी ऑफिसात जेवताना मोबाइलवर वाचली आणि मला ती वही आठवली. पण ताईला मी फोन केला नाही. असे फोन आपण करत नाही.

*

आता करिअरचं. इथे गोडगोड लिहिण्यात अर्थ नाही.

मी २०१९ मध्ये बाहेर पडलो तो तीन लाख साठ हजारांचं पॅकेज घेऊन. ताई २०१८ मध्ये बाहेर पडली आणि आठ महिने घरी बसली. मग एका संस्थेत 'प्रकल्प समन्वयक' म्हणून लागली, महिना चौदा हजारांवर. प्रकल्प तीन वर्षांचा. तो संपला की पद संपणार, हे नेमणूकपत्रातच लिहिलेलं.

तिच्या वर्गातल्या मुलींचं काय झालं, हे मी नंतर तिला खोदून विचारलं. एक नेट पास झाली. स्त्री अभ्यास हा नेटला स्वतंत्र विषय आहे, पण प्राध्यापकाच्या जागा निघतात कुठे? एक तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत पळते. एक बचतगटांच्या कामात कंत्राटावर आहे. एक पुण्यात कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांना प्रशिक्षण देते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या जागी अशी समिती बंधनकारक केली, त्यातून हे काम उभं राहिलं. वर्गातली सगळ्यात चांगला पगार असलेली तीच. एक बँकेच्या परीक्षा देऊन बँकेत गेली. एकीचं लग्न झालं आणि ती ग्रुपमधून लेफ्ट झाली.

पदवी वाईट होती म्हणून हे झालं नाही. ज्या कामाला ही माणसं लागतात, ते काम आपल्याकडे अनुदानावर चालतं आणि अनुदानाला शेवटची तारीख असते. खुद्द विद्यापीठांतली केंद्रंसुद्धा पंचवार्षिक योजनांच्या पैशावर उभी होती. २०१७ मध्ये बारावी योजना संपली तेव्हा अशा अनेक केंद्रांचा जीव टांगणीला लागला होता.

ताईचं काम आंबेगावच्या पश्चिम भागात होतं, घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. महादेव कोळी वाड्या, भातखाचरं, हिरड्याची झाडं. एकट्या राहणाऱ्या बायकांचे कागद करून देणं, हे तिचं काम. रेशनकार्ड, विधवा पेन्शन, वारस नोंद. हिरडा वेचणारे हात बायकांचे, पण कागदावर नाव मालकाचं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं त्या भागातली हिरड्याची झाडं पाडली आणि भरपाईची मागणी सुरू झाली, तेव्हा पुन्हा पहिला प्रश्न तोच: सातबारा कुणाच्या नावावर? देशातल्या शेतखात्यांपैकी बायका कर्त्या असलेली खाती सुमारे १४ टक्के आहेत, असं २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. ताई तो आकडा सांगायची नाही. ती माणसांची नावं सांगायची.

२०१९ मध्येच तिनं लग्न केलं, घोडेगावकडच्या एका शिक्षकाशी. मांडवात पुन्हा तोच प्रश्न, तोच विनोद.

*

एप्रिल २०२१ मध्ये आण्णा गेले. हृदयविकाराचा झटका, मंचरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दशक्रियेनंतर महिन्याभरात तात्यांनी विषय काढला. वारस नोंद करायची. आई, ताई आणि मी, असे तीन वारस. तात्या म्हणाले, "नावं तिघांची लागतील, कायदाच हाय. मग हक्कसोड करून घ्यायची. समद्यांच्यात तशीच पद्धत हाय." माझ्या बँकेच्या कर्जासाठीही ते सोपं पडलं असतं. मी वाकडमध्ये फ्लॅट बघत होतो. मला त्यात काहीच चूक दिसली नाही. बहीण सुखात आहे, आई माझ्याकडेच राहणार, मग तीन नावांचं करायचं काय?

मी ताईला व्हॉट्सॲप केला, "शनिवारी जुन्नरला यायचंय सहीसाठी. आधार आणि दोन फोटो आण." तिनं अंगठा पाठवला. मला वाटलं, झालं.

शनिवारी टायपिस्टनं कागद वाचायला दिला. तिनं तो सावकाश वाचला. एका ओळीवर बोट ठेवून मला म्हणाली, "हे वाच."

मी वाचलं. 'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाविना, प्रेमापोटी व विनामोबदला.'

"मी खूश आहे का, हे तू मला विचारलंस?"

मी काहीतरी बोललो. बहुतेक "अगं, ही फॉर्मॅटची भाषा असते," असं.

तिनं पान उलटलं. खाली दुसरा कागद होता, आईच्या नावाचा. तिचंही हक्कसोड तयार होतं. ते मला माहीत होतं, तात्यांनी सांगितलं होतं. पण मी त्याकडे नीट बघितलं नव्हतं. आई बाकावर बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. कुठे सही करायची एवढंच विचारून आलेली.

ताई म्हणाली, "माझं राहू दे बाजूला. आई तीस वर्षं त्या रानात राबली. उद्या तुझं आणि तिचं पटलं नाही, तर ती कुणाच्या दारात उभी राहील? तुझ्या फ्लॅटच्या?"

तात्या संतापले. "पुण्याला शिकून हेच शिकलीस व्हय? का सासरच्यांनी पढवलंय?" आजूबाजूचे लोक बघायला लागले. ताईचा आवाज चढला नाही. तिनं १९९४ चा राज्याचा कायदा, २००५ ची केंद्राची दुरुस्ती आणि ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, तिन्ही सांगितले, जसं एखादी रेसिपी सांगावी तसे. मग म्हणाली, "मला जमीन विकायची नाही, वाटून नको, तुझं पीक नको. नाव राहू दे. आईचं आणि माझं."

मी तेव्हा काय केलं? मी टायपिस्टचे पैसे दिले आणि गाडी काढली. परतीच्या रस्त्यावर कुणी बोललं नाही. मला प्रचंड राग आला होता. आणि खरं सांगायचं तर तो राग जमिनीचा नव्हता. आपण चांगला भाऊ आहोत, असं मी समजत होतो, आणि तिनं चारचौघांत तो कागद माझ्यासमोर धरला होता.

त्या वर्षी भाऊबीजेला मी गेलो नाही. ऑफिसचं रिलीज आहे, असं सांगितलं. रिलीज नव्हतं.

*

वारस नोंदीची कागदपत्रं गोळा करताना आईची लोखंडी पेटी उघडली होती. पासबुकं, आण्णांचा मृत्यूचा दाखला, आणि खाली ती वही. आईनं ती रेशनकार्डाबरोबर ठेवून दिली होती. मी विचारलं, "ही कशाला ठेवलीस?" ती म्हणाली, "कागद हाय ना. आसू दे."

फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर तीन नावं लागली. पुढच्या हंगामात आई गावच्या सोसायटीची सभासद झाली. पीककर्जाच्या कागदावर आमच्या दोघांच्या संमतीच्या सह्या लागल्या, तेव्हा तिनं मला फोन केला, "रविवारी ये. ताईला पण बोलवलंय. सह्या करून जा." आवाजात असा हुकूम मी त्याआधी फक्त आण्णांच्या ऐकला होता. टोमॅटोचा जुगार नको म्हणून तिनं एका तुकड्यात कोथिंबीर केली. भाव मिळाला तेव्हा जुड्यांचा हिशेब तिनंच ठेवला.

त्या रविवारी ताईची आणि माझी भेट झाली. सही केल्यावर ती म्हणाली, "फ्लॅटचं काय झालं?" मी म्हणालो, "झालं कर्ज, दुसऱ्या बँकेतून." तेवढ्यावर आम्ही पुन्हा बोलायला लागलो. माफी वगैरे मी मागितली नाही. हा लेख तिला आधी वाचायला दिला, तेव्हा ती म्हणाली, "आत्ता मागतोयस होय!"

*

माझ्या कामाचं एक सांगतो. मी शेतकऱ्यांसाठीच्या एका ॲपवर काम करतो. नोंदणीचा फॉर्म माझ्याच टीमनं बनवलाय. त्यात एका शेताला एक नाव, एक मोबाइल नंबर, एक ओटीपी. तो डेटाबेस बनवताना मला तो अगदी नैसर्गिक वाटला होता. आईनं ॲप उघडून बघितलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं टाकू?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, कारण त्या शेतावर आधीच माझा नंबर होता.

मी सहखातेदाराचा पर्याय ठेवायचं टिकेट टाकलं. मीटिंगमध्ये उत्तर आलं, ही 'एज केस' आहे. म्हणजे क्वचित घडणारी, नंतर बघू अशी गोष्ट. अर्ध्या गावाला एज केस म्हणतात, हे माझ्या लक्षात यायला चार वर्षांचं इंजिनिअरिंग पुरलं नव्हतं. ते टिकेट अजून बॅकलॉगमध्ये आहे. दर वेळी यादी साफ करताना कुणीतरी ते बंद करायला निघतं आणि मी ते पुन्हा उघडतो.

ताईचा तो प्रकल्प संपला. मध्ये सात महिने ती घरी होती, शिकवण्या घेत. आता दुसऱ्या एका प्रकल्पावर आहे, पगार माझ्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तोही २०२७ मध्ये संपेल. तिला त्याची काळजी वाटते, वाटत नाही असं ती म्हणत नाही.

गेल्या वर्षी तात्यांच्या मधल्या मुलीचा नवरा अपघातात गेला. सासर आळेफाट्याकडे. दोन लहान मुलं. तेराव्यानंतर पंधरा दिवसांत तिच्यासमोर सहीसाठी कागद आला. तात्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा ताईला फोन केला. ताईनं मला नंतर सांगितलं, ते आधी बराच वेळ पावसाबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "पोरी, त्या कागदात काय लिवल्यालं आसतं, ते जरा येऊन वाचून दाखवशील का?"

ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आळेफाट्याला गेली. तिथे तात्यांनी मुलीच्या सासऱ्यांशी तिची ओळख करून दिली, "ही माझी पुतणी. सातबाऱ्याचं, नावांचं समदं बघती. पुण्याला त्याचंच शिकलीय."